मनोकायिक वैद्यकातील संशोधकाची प्रकाशननोंद कशी करावी: सोलापुरातील नवख्या अभ्यासकांसाठी

मानसोपचार विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरला, किंवा मानसशास्त्रात पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला, पहिल्या काही महिन्यांत एक काम हमखास सांगितले जाते: मनोकायिक वैद्यकातल्या, म्हणजे मन आणि शरीर यांचे आजारातले नाते अभ्यासणाऱ्या शाखेतल्या, अमुक संशोधकाच्या प्रकाशनांची यादी करून आणा. कधी परिषदेसाठी वक्ता निवडायचा असतो, कधी प्रबंधाच्या विषयावर आधी कोणी काय केले आहे ते पाहायचे असते, तर कधी आपल्याच विभागप्रमुखांचा परिचय अद्ययावत करायचा असतो. काम सांगणाऱ्याला ते तासाभराचे वाटते आणि करणाऱ्यालाही तसेच वाटते. गूगल स्कॉलर उघडायचे, नाव टाकायचे, समोर आलेली यादी उचलून वर्डमध्ये चिकटवायची आणि छापून द्यायची.

सोलापुरातल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयात बसून अशा याद्यांसाठी मदत करण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि अगदी सुरुवातीला मीही हेच केले होते. एका पाहुण्या वक्त्याच्या नावावर मी 41 लेख दाखवले होते. त्यातले नऊ लेख त्याच आडनावाच्या आणि त्याच आद्याक्षरांच्या एका हृदयशल्यचिकित्सकाचे निघाले. व्यासपीठावरून ते गृहस्थ हसत म्हणाले, की आपण आजवर कोणाची छाती उघडलेली नाही, फक्त मन उघडण्याचा प्रयत्न केला आहे. सभागृह हसले, मी मात्र मागच्या रांगेतून बाहेर पडलो. पुढची पद्धत त्या दुपारनंतर हळूहळू बसत गेली.

यादी कशासाठी हवी आहे, ते आधी विचारा

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढचा सगळा वेळ त्यावर ठरतो. बढतीच्या अर्जासाठी यादी हवी असेल तर त्या वेळी लागू असलेला नियम समोर ठेवूनच काम करावे लागते, कारण कोणता लेखप्रकार आणि कितवा लेखक ग्राह्य धरायचा याचे नियम वेळोवेळी बदललेले आहेत. मार्गदर्शक निवडायचा असेल तर गेल्या पाच-सहा वर्षांतले काम आणि त्यातला विद्यार्थ्यांचा सहभाग महत्त्वाचा ठरतो. प्रबंधासाठी पूर्वसंशोधन पाहायचे असेल तर पूर्ण यादीची गरजच नसते, आपल्या प्रश्नाशी जोडलेले लेख मुळापासून वाचणे पुरते. काम देणाऱ्याने उद्देश सांगितला नसेल तर विचारायला संकोच करू नये.

माणूस नक्की कोण, हे ठरवणे

मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात आणि इंग्रजी नियतकालिकांना त्यांचे काय करावे हे नीट कळत नाही. एकाच व्यक्तीचे नाव एका लेखात आडनाव आणि एक आद्याक्षर, दुसऱ्यात आडनाव आणि दोन आद्याक्षरे, तिसऱ्यात पूर्ण पहिले नाव अशा तऱ्हांनी छापले जाते. स्त्री संशोधकाच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव आणि मधले नाव दोन्ही बदलले असेल, तर तिची पहिली सात-आठ वर्षे यादीतून नाहीशी होतात, आणि ती नाहीशी झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. सोलापुरात यात आणखी भर पडते. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे छापताना कधी कधी पहिले नावच आडनावाच्या जागी जाऊन बसते; कन्नड घरांतल्या काही आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हांनी चालतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख ही आडनावे तर इतकी आहेत, की केवळ आडनाव आणि एक आद्याक्षर यांवरून शोध घेणे म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत नुसते 'अहो पाटील' अशी हाक मारण्यासारखे आहे.

म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर त्या व्यक्तीच्या नावाची शक्य ती सर्व रूपे लिहून काढावीत. शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच विचारावे. ते सौजन्याचेही आहे आणि वेळही वाचवते. त्यांच्याकडे ऑर्किड क्रमांक आहे का, हे त्याच वेळी विचारावे. संशोधकाला जगभरात एकच ओळख मिळावी यासाठी ही व्यवस्था ऑक्टोबर 2012 मध्ये सुरू झाली. हा क्रमांक 16 अंकांचा असून तो चार-चारच्या गटांत लिहितात, आणि शेवटच्या जागी कधी कधी अंकाऐवजी एक्स हे अक्षर येते, ती छपाईची चूक नव्हे. मात्र ऑर्किडच्या पानावरची माहिती संशोधक स्वतः भरतो किंवा इतरांना भरण्याची परवानगी देतो. पान रिकामे असेल तर काम झालेले नाही असा अर्थ काढू नये.

नावाइतकीच संस्थेची रूपेही महत्त्वाची आहेत. आपल्या शहराचे नाव जुन्या इंग्रजी लिखाणात 'शोलापूर' असे आढळते, त्यामुळे दोन्ही स्पेलिंगांनी शोध घ्यावा. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1963 पासूनचे आहे, पण लेखांवर त्याचे नाव कधी 'डॉ. वैशंपायन स्मृती' असे पूर्ण, तर कधी नुसत्या आद्याक्षरांत असते. सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले आणि 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. त्याआधी जिल्ह्यातली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, म्हणून मानसशास्त्राचा जुना प्रबंध सोलापुरात लिहिला गेला असला तरी तो कोल्हापूरच्या नावाखाली सापडतो. वैद्यकीय शिक्षणासाठी नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 मध्ये आले, तोही एक दुवा ध्यानात ठेवावा.

शोध कुठे आणि कसा घ्यावा

एकाच ठिकाणी शोधून थांबू नये, कारण प्रत्येक साधनाचा स्वभाव वेगळा आहे. पबमेड हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे मोफत साधन आहे. तिथे नियतकालिके निवडून घेतली जातात, त्यामुळे जे सापडते ते बहुतेक विश्वासार्ह असते, परंतु समाजशास्त्राकडे झुकणारे मानसशास्त्रीय लेखन आणि पुस्तकातली प्रकरणे तिथे फारशी मिळत नाहीत. गूगल स्कॉलर 2004 मध्ये सुरू झाले आणि ते निवड न करता जाळे टाकते. त्या जाळ्यात उत्तम लेखासोबत परिषदेचे पत्रक, एकाच लेखाच्या तीन आवृत्त्या आणि दुसऱ्याच माणसाचे काम असे सगळे येते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधनलेखांच्या माहितीकोशांना वर्गणी लागते, म्हणून आपल्या संस्थेत ती आहे का हे ग्रंथपालांना विचारावे. भारतीय प्राध्यापकांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'विद्वान' हे माहितीकोश आणि प्रबंधांसाठी त्याच केंद्राचे 'शोधगंगा' पाहावे. एखाद्याने किती विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मार्गदर्शन केले, हे शोधगंगेवर जितके सहज कळते तितके अन्यत्र कळत नाही.

पबमेडवर शोधताना दोन गोष्टी माहीत असाव्यात, कारण त्या माहीत नसल्याने जुने काम हातचे जाते. लेखकांची पूर्ण नावे तिथे 2002 पासूनच्या नोंदींत मिळू लागली. त्याआधी आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच असते. संस्थेचा पत्ता 2014 पूर्वी साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचा नोंदवला जाई. याचा अर्थ असा, की 1998 मधल्या एखाद्या लेखात सोलापूरच्या डॉक्टरांचे नाव तिसरे असेल आणि पहिले लेखक मुंबईचे असतील, तर 'सोलापूर' हा शब्द टाकून तो लेख कधीच सापडणार नाही. अशा वेळी सहलेखकांच्या नावांवरून मागे जावे लागते. ज्या दोन-तीन व्यक्ती वारंवार सोबत लिहितात त्यांच्या याद्या चाळल्या, की हरवलेले लेख बहुधा तिथे मिळतात.

या शाखेत शब्द बदलत आले आहेत

इतर विषयांत इतके पुरले असते. मनोकायिक वैद्यकात मात्र आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते नवख्याने सर्वांत जास्त वेळ तिच्यावर घालवावा. या शाखेने आपले नाव, आपल्या आजारांची नावे आणि आपल्या नियतकालिकांची नावे पुनःपुन्हा बदलली आहेत. आजचा शब्द टाकून शोध घेतला तर आजचेच काम हाती लागते.

'सायकोसोमॅटिक' (मनोकायिक) हा शब्द जर्मन वैद्य योहान ख्रिश्चन हाइनरोथ यांनी 1818 मध्ये वापरला. विसाव्या शतकात अमेरिकेत या विषयाची बांधणी झाली; 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' हे नियतकालिक 1939 मध्ये फ्लँडर्स डनबार या विदुषींच्या संपादनाखाली निघाले. फ्रान्झ अलेक्झांडर यांनी 1950 मध्ये ज्या सात आजारांच्या मुळाशी मनातले संघर्ष असल्याचे मांडले, त्यांत जठरव्रण, दमा, उच्च रक्तदाब, आमवाती संधिदाह, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, त्वचेचा एक जुनाट विकार आणि थायरॉइडचा अतिरेक यांचा समावेश होता. पुढे 1982 मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात वाढणारा आणि जठरव्रणाला कारण ठरणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधून काढला, आणि त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे 1970 च्या दशकात एखाद्या संशोधकाने जठरव्रण आणि स्वभाव यांवर लिहिलेला लेख आज चुकीचा वाटला तरी त्याच्या नोंदीतून तो वगळू नये. तो कोणत्या काळात लिहिला गेला हे वर्षाच्या रकान्यातून वाचणाऱ्याला कळायला हवे, इतकेच.

निदानाच्या नावांचेही तसेच. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 1952 आणि 1968 च्या वर्गीकरणांत 'सायकोफिजिऑलॉजिक' विकार होते. 1980 च्या तिसऱ्या आवृत्तीत 'सोमॅटोफॉर्म' हा शब्द आला, आणि 2013 च्या पाचव्या आवृत्तीत त्याची जागा 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर' या नावाने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात हाच प्रदेश 'बॉडिली डिस्ट्रेस डिसऑर्डर' या नावाखाली येतो. यातले शेवटचे दोन बदल नुसत्या नावाचे नाहीत: पूर्वी 'शारीरिक कारण न सापडणे' हा निदानाचा गाभा होता, तर आता लक्षणाविषयीची अतिरेकी काळजी आणि त्यात गुंतून राहणारा वेळ यांवर भर आहे. म्हणून एकाच संशोधकाचा 2005 चा आणि 2018 चा लेख एकाच आजारावर आहे असे धरून चालू नये.

नियतकालिकांची गत वेगळी नाही. 'सायकोसोमॅटिक्स' हे अमेरिकी नियतकालिक 2021 पासून 'कन्सल्टेशन-लियाझॉन सायकिॲट्री'च्या अकादमीचे जर्नल म्हणून निघते, आणि 1939 पासूनचे 'सायकोसोमॅटिक मेडिसिन' 2025 पासून 'बायोसायकोसोशल सायन्स अँड मेडिसिन' झाले आहे. या नव्या नावातल्या 'जैव-मानस-सामाजिक' या शब्दामागे जॉर्ज एंगल यांचा 1977 चा 'सायन्स'मधील लेख उभा आहे. नोंद करताना लेख प्रसिद्ध झाला तेव्हा नियतकालिकाचे जे नाव होते तेच लिहावे. आजचे नाव मागे लावल्यास संदर्भ शोधणारा फसतो.

भारतीय संशोधकाची नोंद करताना आणखी एक शब्दसंच जोडावा लागतो. आपल्याकडचे बरेच काम 'मनोकायिक' या छत्राखाली येतच नाही. ते शारीरिक तक्रारींच्या रूपाने व्यक्त होणारे नैराश्य, मधुमेह आणि उदासीनता, त्वचारोग आणि मानसिक ताण, किंवा नरेंद्र नाथ विग यांनी 1960 मध्ये नाव दिलेला धात सिंड्रोम (वीर्य जात असल्याच्या भीतीतून येणारी चिंता आणि अशक्तपणा) अशा शीर्षकांखाली विखुरलेले असते. 'इंडियन जर्नल ऑफ सायकिॲट्री' आणि 1978 पासून निघणारे 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन' ही दोन नियतकालिके तर पानापानाने चाळावीत. त्याखेरीज त्वचारोग, हृदयरोग आणि सामुदायिक वैद्यक यांची भारतीय नियतकालिकेही सोडू नयेत. मानसोपचारतज्ज्ञाचा उत्तम लेख तिथे दुसऱ्या लेखकाच्या जागी लपलेला असतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तक्ता मांडणे

आता एक्सेल उघडावे. वर्डमध्ये केलेली यादी दिसायला नीटनेटकी असली तरी तिची क्रमवारी लावता येत नाही आणि दुबार नोंदीही पकडता येत नाहीत. प्रत्येक लेखासाठी एक ओळ असावी आणि तीत वर्ष, सर्व लेखक छापलेल्या क्रमाने, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठे, डीओआय क्रमांक (लेखाची कायमची डिजिटल ओळख), पबमेड क्रमांक, लेखाचा प्रकार, आपल्या संशोधकाचे स्थान आणि 'मूळ लेख उघडून पाहिला का' असे रकाने ठेवावेत. हा शेवटचा रकाना माझ्या स्वतःच्या अनुभवातून आला आहे. ज्या ओळीत तो रिकामा असेल ती ओळ यादीत असली तरी पक्की नाही. डीओआय क्रमांक नेहमी 10 या अंकांनी सुरू होतो; दोन ओळींत तोच क्रमांक दिसला तर एक नोंद दुबार आहे असे समजावे. केवळ शीर्षकावरून दुबार नोंद शोधू नये, कारण परिषदेत वाचलेला गोषवारा आणि नंतर छापलेला लेख यांचे शीर्षक अनेकदा शब्दशः सारखे असते.

लेखांचे प्रकार वेगळे केल्याशिवाय आकडा सांगू नये. मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, साधा आढावा, एका रुग्णाचा वृत्तान्त, संपादकाला पत्र, संपादकीय, पुस्तकातील प्रकरण आणि परिषदेचा गोषवारा यांची वजने सारखी नाहीत. तरीही मनोकायिक वैद्यकात एका रुग्णाच्या वृत्तान्ताला तुच्छ लेखू नये असे माझे मत आहे. शिवणाच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचा हात अचानक लुळा पडतो, सगळे तपास नीट येतात, आणि घरातली कोंडी बोलून दाखवल्यावर हात हलू लागतो, असा वृत्तान्त सावधपणे लिहिला तर त्यातून शंभर जणांच्या सर्वेक्षणापेक्षा अधिक शिकता येते.

लेखकांच्या क्रमाविषयी एक खुलासा. पहिला लेखक बहुधा प्रत्यक्ष काम केलेला आणि शेवटचा बहुधा ज्येष्ठ मार्गदर्शक असतो, पण ही केवळ रूढी आहे. लेखक कोणाला म्हणावे याचे निकष वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले आहेत, आणि 2013 पासून त्यांत चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे या अटींत बसत नाही. काही नियतकालिके लेखाच्या शेवटी कोणी काय केले ते छापतात. ते असेल तर वाचावे आणि तक्त्यात टिपावे.

नियतकालिकाची पारख

पैसे घेऊन, न वाचता, आठवडाभरात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झालेला आहे, आणि त्यांत फसलेले सगळेच अप्रामाणिक नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नियतकालिके काढून टाकली, नंतर केअर नावाची नवी यादी आणली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद केली. तेव्हा 2016 मध्ये छापलेल्या लेखाचे मूल्यमापन नंतरच्या यादीने करणे अन्यायाचे आहे. नियतकालिकाच्या संपादक मंडळावर त्या विषयातली माणसे खरोखर आहेत का, लेख कधी आला आणि कधी स्वीकारला गेला या तारखांत काही महिन्यांचे अंतर आहे का, आणि ते पबमेडवर किंवा स्कोपसवर नोंदलेले आहे का, एवढे पाहून आपण आपले मत तक्त्यात पेन्सिलीने लिहावे, म्हणजे वेगळ्या रकान्यात आणि बदलता येईल असे.

आकड्यांबाबत थोडक्यात सांगतो. एच-इंडेक्स ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये मांडली. समजा एखाद्याच्या सहा लेखांना अनुक्रमे 30, 18, 9, 6, 5 आणि 2 संदर्भ मिळाले, म्हणजे इतर लेखांत त्यांचा तितक्यांदा उल्लेख झाला, तर पाच लेखांना प्रत्येकी किमान पाच संदर्भ असल्याने त्याचा एच-इंडेक्स पाच होतो, आणि दहा किंवा अधिक संदर्भ असलेले लेख दोनच असल्याने गूगल स्कॉलरचा आय-10 इंडेक्स दोन होतो. हा आकडा प्रत्येक साधनात वेगळा येतो, म्हणून तो कोणत्या साधनातून आणि कोणत्या दिवशी घेतला हे लिहिल्याशिवाय देऊ नये. हृदयरोगावर लिहिणाऱ्याला मिळणारे संदर्भ आणि धात सिंड्रोमवर लिहिणाऱ्याला मिळणारे संदर्भ यांची तुलना तर करूच नये.

मागे घेतलेले लेख

छापल्यानंतर चूक किंवा गैरप्रकार उघड झाल्याने मागे घेतलेले लेख शोधण्याची ही पायरी बहुतेक जण गाळतात. या शाखेतले सर्वांत बोलके उदाहरण हान्स आयझेंक यांचे आहे. विसाव्या शतकातल्या सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या मानसशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. रोनाल्ड ग्रोसार्थ-मातिचेक यांच्यासोबत त्यांनी व्यक्तिमत्त्व आणि कर्करोग, तसेच व्यक्तिमत्त्व आणि हृदयविकार यांचे नाते दाखवणारे लेख प्रसिद्ध केले. त्यांतले परिणाम विश्वास बसू नये इतके मोठे होते. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी पेलोसी यांनी एका सहकाऱ्यासोबत 1992 मध्येच त्यावर आक्षेप घेतले होते. आयझेंक 1997 मध्ये वारले. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2019 मध्ये चौकशी करून आयझेंक आणि ग्रोसार्थ-मातिचेक यांनी मिळून लिहिलेले 26 लेख 'असुरक्षित' ठरवले, आणि त्यानंतर अनेक नियतकालिकांनी त्यांचे लेख मागे घेतले किंवा त्यांवर चिंतेची सूचना लावली. आक्षेप आणि निर्णय यांत 27 वर्षे गेली, आणि त्या काळात ते लेख पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

यातून नोंद करणाऱ्याने शिकायचे ते असे, की लेख एकदा तपासला म्हणजे कायमचा तपासला असे होत नाही. पबमेडवर मागे घेतलेल्या लेखाच्या वर तशी ठळक सूचना दिसते. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा माहितीकोश 2023 पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे असून तो मोफत पाहता येतो. आपल्या यादीतला प्रत्येक लेख तिथे एकदा तपासावा. मागे घेतलेला लेख यादीतून गुपचूप काढून टाकू नये. तो ठेवावा आणि त्यासमोर 'मागे घेतला', वर्ष आणि कारण लिहावे. प्रामाणिक चुकीमुळे स्वतः पुढे होऊन लेख मागे घेणारे संशोधकही असतात, आणि त्यांच्याविषयी माझा आदर वाढतो.

मागे न घेतलेला, पण पुढच्या कामाने उलटा पडलेला लेख ही आणखी वेगळी गोष्ट. फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी 1959 मध्ये घाईच्या, चढाओढीच्या 'टाइप ए' वर्तनाचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. पुढे 1988 मध्ये रॅगलंड आणि ब्रँड यांनी त्याच दोघांनी नंतर हाती घेतलेल्या दीर्घकालीन अभ्यासातल्या हृदयविकार झालेल्या पुरुषांची माहिती पाहिली, तेव्हा टाइप ए गटात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. येथे कोणी फसवणूक केलेली नाही. अशा लेखासमोर पुढचा लेख जोडून दाखवणे एवढेच आपले काम.

लेख उघडून काय पाहावे

यादी झाली, म्हणजे निम्मे काम झाले. आता निदान दहा महत्त्वाचे लेख उघडावेत आणि प्रत्येकात तीन गोष्टी शोधाव्यात: रुग्ण कोठून घेतले, कोणती मापनश्रेणी वापरली आणि कोणत्या भाषेत वापरली. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून घेतलेले रुग्ण म्हणजे शहरातली माणसे नव्हेत, हे लक्षात ठेवावे. मापनश्रेण्यांत झिग्मंड आणि स्नेथ यांची 1983 ची चिंता व नैराश्याची 14 प्रश्नांची रुग्णालयीन श्रेणी, नैराश्यासाठी 2001 ची पीएचक्यू-9, शारीरिक लक्षणांसाठी 2002 ची पीएचक्यू-15, आणि भावना शब्दांत मांडता न येण्याच्या प्रवृत्तीसाठी 20 प्रश्नांची टोरंटो श्रेणी या पुनःपुन्हा भेटतील. संशोधकाने वर्षानुवर्षे एकच श्रेणी वापरली आहे का, आणि ती का बदलली, यावरून त्याच्या विचाराची दिशा पुष्कळ कळते.

भाषेचा प्रश्न सोलापुरात टाळताच येत नाही. यंत्रमागावर आणि विडी वळण्याच्या कामात असलेल्या घरांत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दख्खनी या सगळ्या बोलल्या जातात. रुग्ण 'नैराश्य' हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो अंगात आग होते, डोके जड झाले आहे, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गोळा उठतो, नाहीतर सरळ टेन्शन आले आहे. इंग्रजी श्रेणीचे मराठी भाषांतर करताना ते पुन्हा इंग्रजीत उलटवून तपासले का, आणि तेलुगू बोलणाऱ्या स्त्रीला ती मराठीत वाचून दाखवली का, हे लेखाच्या पद्धतीच्या भागात लिहिलेले नसेल तर तसे टिपून ठेवावे. ज्या संशोधकाने स्थानिक शब्दांवरच काम केले असेल, त्याचे संदर्भ कमी असले तरी त्याला मी मार्गदर्शक म्हणून आधी सुचवीन.

याच वेळी दोन नोंदणी क्रमांकही पाहावेत. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लेखात नमूद असावी, आणि उपचाराची चाचणी असेल तर भारताच्या चाचणी-नोंदणीचा क्रमांक असावा. ही नोंदणी 2007 मध्ये सुरू झाली आणि जून 2009 पासून औषधांच्या चाचण्यांसाठी बंधनकारक झाली. नोंदणीत आधी लिहिलेले मुख्य मोजमाप आणि लेखात शेवटी मिरवलेले मोजमाप एकच आहे का, हे ताडून पाहण्यास दहा मिनिटे पुरतात.

दोन पाने लिहून द्या

शेवटी तक्त्यासोबत दोन पानांचे गद्य जोडावे. संशोधकाने सुरुवातीला कोणता प्रश्न घेतला, तो कोठे वळला, कोणासोबत काम केले, कोणते काम पुढे टिकले आणि कोणते थांबले, हे त्यात सरळ वाक्यांत यावे. कौतुकाची विशेषणे नकोत, आणि 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे' हा शब्दप्रयोग तर अजिबात नको. उदाहरणार्थ असे लिहिता येईल: 'यांच्या पहिल्या दशकातील लेख सोरायसिसच्या रुग्णांतील चिंतेविषयी असून त्यांत लक्षणांची मोजणी आहे, नंतरच्या लेखांत तोच प्रश्न कुटुंबाच्या बाजूने विचारला आहे, आणि मूळ संशोधनाऐवजी आढावे वाढले आहेत.' एवढ्या एका वाक्यातून वाचणाऱ्याला जे कळते, ते कोणत्याही निर्देशांकातून कळत नाही.

पानाच्या तळाशी शोध घेतल्याची तारीख, वापरलेली साधने आणि नावाची शोधलेली रूपे लिहावीत. जे लेख त्या व्यक्तीचे असावेत असे वाटते पण खात्री झालेली नाही, ते 'संदिग्ध' या शीर्षकाखाली वेगळे ठेवावेत. मग ती यादी छापण्याआधी त्या संशोधकालाच पाठवून आठ दिवसांची मुदत द्यावी. उत्तर आले तर दुरुस्ती करावी, न आल्यास एकदा फोन करून विचारावे, आणि फाइलच्या नावात तारीख घालून ती जपून ठेवावी, कारण पुढच्या जूनमध्ये नवीन निवासी डॉक्टर येऊन तीच यादी मागणार आहे.